मोडीतून उभी राहिलेली गाडी

‘हॉट रॉड’ या शब्दाचे कोणी ‘तापलेली सळई’ असे शब्दशः भाषांतर केले, तर त्यावरून मूळ वस्तूचा काडीमात्र बोध होणार नाही. उलट एखादे कडक पंतोजी मात्र डोळ्यांपुढे उभे राहतील. म्हणून आरंभीच व्याख्या करून टाकलेली बरी. एखादी जुनी, बहुधा मोडीत निघालेली मोटार घ्यावयाची. तिची मडगार्डे, टप, बंपर वगैरे जे जे धावण्यास अनावश्यक ते ते उतरवून टाकावयाचे. तिच्या पोटात दुसऱ्या एखाद्या गाडीचे अधिक दांडगे इंजिन बसवावयाचे, आणि तेही जसेच्या तसे न ठेवता खोलून, घासून, कोरून त्याची ताकद वाढवावयाची. आणि हे सारे स्वतःच्या हातांनी, घरामागच्या छपरात, फुरसतीच्या वेळी करावयाचे. अशा रीतीने सिद्ध झालेल्या वाहनास अमेरिकेत हॉट रॉड म्हणतात. आम्ही वयाच्या तेविसाव्या वर्षी असे एक वाहन उभारण्यास हात घातला आणि पंचविसावे वर्ष पुरते सरण्यापूर्वी ते रस्त्यावर आणले. या गोष्टीला आता अर्धशतक उलटून गेले आहे.

आमच्या ओळखीची तरुण मंडळी ही हकीकत ऐकून हसतात आणि विचारतात, “एवढा खटाटोप कशासाठी? वेगच हवा होता, तर चार पैसे साठवून वेगवान गाडी विकत घ्यावयाची होती.” प्रश्न सरळ आहे, परंतु उत्तर तितके सरळ नाही. ते देण्यासाठी हा छंद कोठे व कोणाच्या घरी जन्मास आला हे अगोदर सांगितले पाहिजे. कारण हॉट रॉड हे श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे, आणि तो वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे.

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटी मोटारी तयार केल्या. तिच्यामागून आलेली ‘मॉडेल ए’ हीही लाखांनी खपली. परिणाम असा झाला की, १९२९ नंतरच्या मंदीत ज्या घरांची नवी मोटार घेण्याची ऐपत उरली नव्हती, त्या घरांतील पोरांच्याही हाती एखादी जुनी फोर्ड, खेचरागत थकलेली का होईना, पडू लागली. दक्षिण कॅलिफोर्नियातील पोरांना तर निसर्गही अनुकूल होता. तेथे पाऊस बेताचाच. आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेस सान गेब्रिएल डोंगर ओलांडला की मोहावी वाळवंटात आटलेल्या सरोवरांचे मैलच्या मैल पसरलेले तळ आहेत. सारवलेल्या अंगणासारखी सपाट, कठीण माती. ना झाड, ना दगड, ना वळण. म्यूरॉक नावाच्या अशाच एका सरोवराच्या तळावर ही पोरे आपल्या गाड्या पळवीत. १९३२ साली फोर्ड यांनी आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्यांच्या गाडीत आणले. चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे मांडून तो सारा ठोकळा एकसंध ओतण्याची युक्ती त्यांनी साधली होती. मूळची ६५ अश्वांची ताकद, पण ती वाढविण्यास त्यात भरपूर वाव. पुढील वीस वर्षे हे इंजिन गरीब पोरांचे कल्पवृक्ष होऊन राहिले.

१९३७ साली या मंडळींनी ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ नावाची संस्था स्थापून वेगमापनास शिस्त आणली. मग महायुद्ध आले. म्यूरॉक लष्कराने घेतले आणि पोरे विमाने दुरुस्त करण्यास गेली. परतली ती धातूविषयीचे नवे ज्ञान घेऊन. बिल बर्क नावाच्या गृहस्थाने तर १९४६ साली लढाऊ विमानाखाली टांगावयाची पेट्रोलची टाकी लष्कराच्या टाकाऊ मालातून आणून तिच्यातच इंजिन व चाके बसविली. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी या छंदास वाहिलेले ‘हॉट रॉड’ हे मासिक लॉस एंजेलिस येथे सुरू केले. या चित्रास काळी बाजू नव्हती असे नाही. भर रस्त्यात शर्यती लावून स्वतःचे व परक्याचे प्राण घेणारेही पुष्कळ निघाले, आणि वर्तमानपत्रांनी साऱ्याच पंथास गुंड ठरविले. पोरांना रस्त्यावरून उठवून शर्यतीच्या आखलेल्या पट्टीवर न्यावे, या हेतूनेच १९५१ साली वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ उभारली. तात्पर्य, दारिद्र्य, मोकळी जमीन आणि टाकाऊ लोखंड या तिहींच्या संगमावर हा छंद जन्मास आला.

आमचा त्याच्याशी संबंध आला तो १९७१ नंतर. सांगलीस अभियांत्रिकीची पदवी घेऊन आम्ही त्या साली उच्च शिक्षणासाठी लॉस एंजेलिसला गेलो. त्या काळी परदेशी चलनाची टंचाई अशी की, सरकारच्या परवानगीने खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसावयाचे आणि उरलेला भार परमेश्वरावर व शिष्यवृत्तीवर टाकावयाचा. पहिले वर्ष वसतिगृहात काढले. दुसऱ्या वर्षी स्वस्त खोली शोधीत सान फर्नांडो खोऱ्यात एका वृद्धाच्या दारी पोचलो. घरमालक विधुर होते. एका विमानाच्या कारखान्यात तीस वर्षे लेथवर काम करून ते मुदतीपूर्वी निवृत्त झाले होते, आणि त्याचे कारण त्यांचे डोळे. नजरेच्या बरोबर मध्यभागी एक धूसर ठिपका पडला होता व तो वर्षागणिक मोठा होत होता. कडेचे दिसे, समोरचे दिसत नसे. माणसाच्या तोंडाकडे पाहिले की तोंड नाहीसे होई आणि कान तेवढे दिसत, असे ते स्वतःच हसत सांगत. डॉक्टरांनी इलाज नाही म्हणून हात टेकले होते.

घरामागे छप्पर होते. त्यात १९२९ सालच्या ‘मॉडेल ए’ची बिनटपाची पेटी, १९३२ सालच्या फोर्डचा लोखंडी सांगाडा आणि मेणकापडाखाली झाकलेले असंख्य सुटे भाग पडून होते. ऐन तारुण्यात म्यूरॉकच्या मातीवर धावलेल्या या गृहस्थांनी ते युद्धानंतर एकेक करून जमविले होते. मग संसार आला, मुलगी झाली, पत्नीचे दीर्घ आजारपण आले, आणि गाडी ‘पुढच्या वर्षावर’ पडत गेली. आता वर्षे उरली होती, पण डोळे उरले नव्हते. खोली दाखवून झाल्यावर त्यांनी आम्हांस छपरात नेले आणि सौदा सांगितला: “भाडे निम्मे. बाकीच्या निम्म्यापोटी संध्याकाळी दोन तास तुझे डोळे मला दे.” जुगारी माणसाने पत्ते टाकावेत तसे हे शब्द त्यांनी सहज टाकले, पण उत्तर येईपर्यंत त्यांचा हात त्या गंजक्या सांगाड्यावरून मागेपुढे फिरत होता.

आम्ही होकार दिला. त्यांस हाक कोणत्या नावाने मारावी ही अडचण पहिल्याच दिवशी उभी राहिली. वडीलधाऱ्यास नुसत्या नावाने पुकारण्याची त्या देशाची रीत आमच्या जिभेस वळेना. ‘सर’ म्हणावे तर “तो मान रस्त्यावरच्या पोलिसाला दे” म्हणून ते धुडकावून लावीत. अखेर आम्ही त्यांस ‘मिस्त्री’ म्हणू लागलो. आमच्याकडे ज्याच्या हाती विद्या असते त्यास हे नाव देतात, असे सांगितल्यावर त्यांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिला व स्वीकारला. आम्ही मात्र त्यांच्या लेखी शेवटपर्यंत ‘पोरा’च राहिलो.

काम सुरू झाले ते इंजिनापासून नव्हे, तर ब्रेकपासून. फोर्ड गाड्यांना तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक १९३९ साली मिळाले. त्यापूर्वीच्या गाड्यांत ते सळयांनी ओढले जात. आमचा सांगाडा जुना, म्हणून नव्या जातीच्या ब्रेकांचे चारही ढोल एका मोडीच्या आवारातून आणून प्रथम बसविले. इंजिनाचा पत्ता नसलेली ती गाडी उतारावर ढकलून आम्ही आठ दिवस नुसती थांबविण्याचा सराव करीत होतो. “ज्याला थांबता येत नाही, त्याने धावण्याच्या गोष्टी करू नयेत,” असा मिस्त्रींचा दंडक होता. वेगाच्या नावाने बदनाम झालेल्या या छंदाचा आमच्या हाती पडलेला पहिला धडा हा असा थांबण्याचा होता.

इंजिनाचा ठोकळा निवडण्यात दोन महिने गेले. फोर्डच्या या इंजिनात झडपा वर नसून ठोकळ्यातच, सिलिंडरांच्या बाजूस असतात. आणि जळालेला वायू बाहेर पडण्याच्या वाटाही ठोकळ्याच्या पोटातून, थंड करणाऱ्या पाण्याला चिकटून जातात. म्हणून हे इंजिन फार तापते, आणि तापून तापून झडपांच्या बैठकींजवळ त्यास तडे जातात. तडा केसासारखा, डोळस माणसासही सहसा न दिसणारा. तो शोधण्याची मिस्त्रींची रीत अशी. ठोकळ्यास रॉकेल चोपडावयाचे, काही वेळाने कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावयाचे आणि वर खडूची पूड फासून स्वस्थ बसावयाचे. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेषा उमटते. पहिल्या ठोकळ्यावर तीन रेषा उमटल्या. दुसऱ्यावर एकच, पण नको त्या ठिकाणी. तिसरा एका जुन्या मालमोटारीतून काढलेला होता. त्याच्यासमोर आम्ही अर्धा तास दिवा धरून बसलो होतो आणि मिस्त्री पाठीमागे उभे राहून दर दोन मिनिटांनी विचारीत होते, “काय दिसते?” काही दिसत नाही, हे उत्तर इतक्या आनंदाने आम्ही पुढे आयुष्यात क्वचितच दिले असेल.

झडपांचे काम त्याहून नाजूक. झडपेची दांडी आणि तिला उचलणारा ठोकर यांत तापून फुगण्यापुरती फट ठेवावी लागते. ती इंचाच्या हजार भागांपैकी दहा-बारा, आणि जळका वायू सोडणाऱ्या झडपेस त्याहून थोडी अधिक. मूळ फोर्ड इंजिनात ही फट कमीजास्त करण्यास स्क्रू नाही. दांडीचे टोक अगदी थोडे घासावयाचे, बसवून पाहावयाचे, काढावयाचे, पुन्हा घासावयाचे. जरा जास्त घासले गेले की झडप वाया. अशा सोळा झडपा. मोजपट्टीच्या पातळ पानांवरचे आकडे मिस्त्रींस दिसत नसत. ते आम्ही वाचून पान त्यांच्या हाती देत असू. पण ते पान फटीत सरकविताना किती ओढ लागते, हे ओळखणे त्यांच्या बोटांचे काम होते. “घट्ट”, “अजून घट्ट”, “लोण्यातून सुरी जाते तशी गेली पाहिजे” — असे पाच-सहा आठवडे चालले. हळूहळू ती ओढ आमच्याही बोटांस कळू लागली. एके संध्याकाळी एका झडपेस आम्ही आपण होऊन “झाली” म्हणालो. मिस्त्रींनी पान फटीत घातले, काढले, आणि काही न बोलता पुढील झडप आमच्यापुढे सरकविली. विद्यापीठाने पुढे दिलेल्या पदवीपेक्षा ही पदवी आमच्या अधिक लक्षात आहे.

येथे वाचकांनी असे समजू नये की, आम्ही पुस्तकी विद्येस कमी लेखीत आहोत. सिलिंडरांवरची झाकणे तासून आतील वायूचा दाब वाढवावयाचा होता. किती तासावे, याचे गणित आम्ही गणकपट्टीवर मांडले. मिस्त्रींची रीत निराळी होती. त्यांनी लहान मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती दट्ट्यावर व झडपांवर थापली, झाकण बसवून आवळले, हाताने इंजिन दोन फेरे फिरविले, झाकण काढले आणि दाबल्या गेलेल्या मातीचे काप करून कोठे किती जागा उरली ते मोजविले. आमचा आकडा आणि त्यांची माती यांत जवळजवळ अंतर निघाले नाही. दोघेही आपापल्या शास्त्राचा विजय झाला म्हणून खूश. आम्हांस त्या दिवशी जे जाणवले ते इतकेच की, डोक्याने आणि हाताने एकाच पाटावर बसावे, एकाने दुसऱ्याचे उष्टे खावे असे नव्हे.

ही समपंक्ती आमच्या समाजास सहसा मानवत नाही. आम्ही घरी पत्रात हा उद्योग कळविला तेव्हा तीर्थरूपांचे उलट टपाली उत्तर आले. ते सांगलीस संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी लिहिले होते, “कर्ज काढून तुला सातासमुद्रापलीकडे पाठविले ते लोहाराच्या भात्यापाशी बसण्यासाठी काय? हात काळे करावयाचे होते तर ते येथेही झाले असते.” पत्र वाचून आम्हांस राग आला नाही. ज्या घरात तीन पिढ्या लेखणीपेक्षा जड वस्तू कोणी उचलली नव्हती, त्या घरातून दुसरे उत्तर येणे शक्यच नव्हते. आपल्याकडे खंडेनवमीस हत्यारांची पूजा होते. पण ती हत्यारे वर्षभर चालविणाऱ्यास ओसरीच्या आत किती घरांत घेतात? आमच्या घरापासून दोन स्टेशने टाकून किर्लोस्करवाडी असता ही स्थिती. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणारे गृहस्थ; ते खडू सोडून ओतकामाकडे वळले म्हणून महाराष्ट्रास लोखंडी नांगर मिळाला, हे आम्ही शाळेत निबंधात लिहीत होतो आणि घरी येऊन हात स्वच्छ धूत होतो.

तीर्थरूपांस आम्ही वाद न घालता सविस्तर उत्तर लिहिले. रॉकेल व खडू, मोजपट्टीचे पान, मिस्त्रींची बोटे, आणि त्यांच्या नजरेतला तो वाढता ठिपका, हे सर्व त्यात होते. पुढील पत्रात गाडीचा उल्लेख नव्हता. शेवटी फक्त एक ओळ होती: “त्या वृद्ध गृहस्थांच्या डोळ्यांचे आता कसे आहे ते कळवावे.” त्यानंतर प्रत्येक पत्रात ही ओळ येत गेली. चाळीस वर्षे ज्या माणसाचा सारा व्यवहार पोथ्यांवरील बारीक अक्षरांशी झाला, त्यास दुसऱ्याच्या डोळ्यांची किंमत समजावून सांगण्याचे कारण नव्हते.

१९७३ च्या सप्टेंबरअखेर इंजिन सांगाड्यात बसले. वर स्ट्रॉम्बर्ग कंपनीचे ९७ क्रमांकाचे दोन कार्ब्युरेटर, खाली नव्या वंगणाने भरलेले पोट. त्या वर्षीचा दसरा ऑक्टोबरच्या आरंभी आला. आम्ही आदल्या दिवशी मिस्त्रींच्या पान्ह्यांना, कानशींना आणि हातोड्यांना हळदकुंकू वाहिले. मिस्त्री दर शनिवारी हत्यारे पुसून तेल लावून ठेवीत, त्यामुळे हा विधी त्यांस मुळीच विचित्र वाटला नाही, फक्त “वर्षातून एकदाच?” एवढेच त्यांनी विचारले. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू केले. प्रथम दोनदा खोकले, मग एकाएकी त्यास कंठ फुटला आणि छपराचे पत्रे थरथरू लागले. मिस्त्री डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होते. मिनिटाभराने म्हणाले, “डावीकडचा तिसरा मागे आहे.” स्पार्क प्लग काढून पाहिला, तो काजळलेला होता.

परंतु नियतीचा विनोद पाहा. त्याच महिन्यात मध्यपूर्वेत युद्धाचा भडका उडाला, अरब राष्ट्रांनी अमेरिकेस तेल देणे थांबविले आणि बघता बघता पेट्रोलच्या पंपांवर मोटारींच्या रांगा लागल्या. ज्या देशात पेट्रोल पाण्यासारखे वापरण्याची सवय, तेथे लोक पहाटे उठून रांगेत उभे राहू लागले. १९७४ च्या आरंभी साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घालणारा कायदा झाला. चित्रपटगृहांत मात्र जॉर्ज लुकस यांचा ‘अमेरिकन ग्राफिटी’ हा चित्रपट लोकप्रिय झाला होता, आणि त्यात १९३२ सालची एक पिवळी फोर्ड पडदाभर मिरवीत होती. अशा वेळी केवळ धावण्यासाठी घडविलेली गाडी रस्त्यावर आणणे योग्य काय, हा प्रश्न आम्ही मिस्त्रींस केला. ते म्हणाले, “ही गाडी टंचाईतच जन्मली आहे, पोरा. भरभराटीने तिला फक्त विकत घेतले.” मग त्यांनी हिशेब केला: आठवड्याच्या जिन्नसांसाठी नेहमीची गाडी न काढता चालत जावयाचे आणि वाचलेले पेट्रोल डब्यात साठवावयाचे. चार महिने त्यांनी हा नेम पाळला. त्या डब्यापाशी गेलो की आम्हांस एखाद्या यात्रेसाठी मुठीमुठीने बाजूला काढलेल्या तांदळाची आठवण होई.

१९७४ च्या मे महिन्यात, एका कामाच्या दिवशी, पहाटे निघून आम्ही एल मिराज या आटलेल्या सरोवरावर गेलो. म्यूरॉक लष्कराकडे गेल्यापासून शर्यतींचे ठाणे तेथेच आहे; पण त्या दिवशी शर्यत नव्हती आणि दृष्टी पोचेपर्यंत कोणी नव्हते. तपकिरी, भेगाळलेली, कठीण माती. दोन्ही बाजूंस दूर डोंगर. आम्ही चक्र हाती घेतले, मिस्त्री शेजारी बसले. वेग वाढू लागला. वारा तोंडावर चापट्या मारू लागला आणि मागे धुळीचे शेपूट मैलभर उभे राहिले. मिस्त्री कानाने ऐकून आकडे सांगत होते, “साठ... सत्तर... आता अठ्ठ्याहत्तर.” वेगाचा काटा ऐंशीस टेकत होता. त्यांनी हात वर केला. आम्ही ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, यत्किंचित न डगमगता थांबली.

धूळ खाली बसल्यावर मिस्त्री म्हणाले, “आता जागा बदल.” आम्ही त्यांच्याकडे नुसते पाहत राहिलो. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “समोरचे मला दिसत नाही हे खरे. पण येथे समोर काही नाहीच. दोन बाजूंचे डोंगर मला दिसतात. त्यांच्या मधून जावयाचे आहे, एवढेच ना? आणि समोर काही आलेच तर सांगण्यास तू आहेस.” या युक्तिवादास उत्तर नव्हते. आम्ही जागा बदलली. त्यांनी तीनही गिअर असे टाकले की, कोणता केव्हा पडला हे ऐकूनही कळू नये. पन्नास मैलांच्या वेगाने आम्ही त्या रिकाम्या तळावरून गेलो. आम्ही सारा वेळ समोर पाहत होतो, कारण तेच आमचे काम होते. फक्त एकदाच त्यांच्या तोंडाकडे पाहिले. ते कोणत्या भावाने भरले होते हे सांगण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही. सरोवराच्या त्या टोकास पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केले आणि बराच वेळ चक्रावरचा हात काढला नाही.

१९७५ साली आम्ही शिक्षण संपवून परत आलो. अमेरिकेतच राहण्याचा आग्रह करणारे मित्र होते, संशोधनाची एक जागाही होती. परंतु आम्हांस यंत्राजवळ, यंत्र चालविणाऱ्यांजवळ काम हवे होते, आणि ते सांगली-कोल्हापूरकडील कारखान्यांत मिळाले. आयुष्याची पस्तीस वर्षे पंप व ऑइल इंजिनांच्या कामात गेली. उद्यमनगरातल्या कित्येक मिस्त्रींची बोटे आम्ही पाहिली. शाळेचे तोंड न पाहिलेली माणसे सुताच्या अंशाने माप चुकत नसत, आणि त्यांस बसावयास खुर्ची पुढे करताना आम्हांस कधी संकोच वाटला नाही. तीर्थरूप एकदा कारखान्यात आले असता एका वृद्ध मिस्त्रीस त्यांनी आपण होऊन ‘अहो’ म्हटले व त्याच्या कामाविषयी तासभर विचारीत राहिले. आम्ही दुरून पाहत होतो. मध्ये पडलो नाही.

लॉस एंजेलिसचे मिस्त्री १९८१ साली वारले. शेवटची तीन वर्षे त्यांची पत्रे त्यांची मुलगी लिहीत असे. गाडी नातवाकडे गेली. काही वर्षांनी त्याने छायाचित्र पाठविले. रंग नवा होता, चाके नवी होती, आणि आम्ही सोळा झडपा घासून बसविलेले ते इंजिन काढून त्याने शेव्हरोलेचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले होते. १९५५ पासून निघालेल्या या इंजिनाने फोर्डच्या जुन्या इंजिनाची सद्दी संपविली, हे आम्हांस ठाऊक होते. तरी क्षणभर काळजात कळ आली. मग विचार केला की, दुसरे काय व्हावयास हवे होते? आम्ही तरी १९२९ सालच्या पेटीस, १९३२ सालच्या सांगाड्यास आणि मालमोटारीच्या इंजिनास जशाच्या तसे कोठे ठेवले होते? नातवाने स्वतः खोलले, स्वतः बसविले. जतन करण्याची ही देखील एक रीत आहे, आणि कदाचित ती काचेच्या कपाटाहून अधिक खरी आहे.

आता तरुण मित्रांच्या प्रश्नाकडे येतो. वेग विकत मिळतो, आणि आज तर फार स्वस्त मिळतो. कोणतीही साधी विजेवरची मोटार आमच्या त्या गाडीस सहज मागे टाकील. हॉट रॉडही तयार विकत मिळते; नव्या पत्र्याची, नव्या इंजिनाची, आणि तिची किंमत ऐकून मंदीच्या काळातील ती पोरे हसली असती. विकत मिळत नाही ती एकच गोष्ट: वस्तूच्या अंतरंगाशी आपली ओळख. आजची यंत्रे उत्तम आहेत, परंतु ती बंद आहेत. त्यांच्या पोटात संगणक आहे, आणि तो उघडण्याची किल्ली बनविणाऱ्याने स्वतःकडे ठेवली आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांना २०१२ साली, व पुन्हा २०२० साली, आपल्याच मोटारीच्या दुरुस्तीस लागणारी माहिती मिळावी यासाठी मतदान करावे लागले. ज्या वस्तूचे आपण पैसे मोजले, ती उघडण्याचा हक्क मतपेटीतून मागावा लागतो, ही गोष्ट किरकोळ नव्हे. यंत्र बंद झाले की मालक नुसता गिऱ्हाईक होऊन उरतो, आणि मिस्त्री नुसता निरोप्या.

तथापि आम्ही निराश नाही. जुन्या मोटारीतले इंजिन काढून तिच्यात विजेची मोटर व बॅटऱ्या बसविणारी तरुण मुले आज अमेरिकेत आहेत आणि आपल्याकडेही दिसू लागली आहेत. त्यांच्या हातांना ग्रीस कमी लागते, एवढाच फरक. डोळ्यांतली चमक तीच आहे. त्यांस आमचे सांगणे इतकेच की, आधी ब्रेक बसवावेत. मग आपल्याहून वडील असा एखादा मिस्त्री शोधावा आणि त्याची नजर थकली असेल तर आपले डोळे त्यास खुशाल उसने द्यावेत. ते कमी होत नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो; आणि परत मिळतात तेव्हा त्यांस पूर्वीपेक्षा अधिक दिसत असते.